लिहिलेले आपले, जागा कुणाची?

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे एक ज्येष्ठ स्नेही राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते, आम्हीही गुरुजीच म्हणतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित-बौद्ध वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, घरे पेटवली गेली, तेव्हा गुरुजी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. आपल्या वस्तीची राख झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

निवृत्तीनंतर त्यांनी त्या आठवणी लिहायला घेतल्या. मुलाने घेऊन दिलेल्या मोबाईलवर अंगठ्याने एकेक अक्षर टिपत ते एका समाजमाध्यमावर लिहीत गेले. कोणाचे घर आधी पेटले, कोणत्या माउलीने लेकरे आणि पिठाचा डबा घेऊन उसात रात्र काढली, कोणी आसरा दिला आणि कोणी दारे लावून घेतली. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून, त्यांना विचारून, त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेऊन लिहिले. असे सहा वर्षे चालले.

एके दिवशी सकाळी त्यांचे खाते उघडेना. ‘आपण आमच्या नियमांचे उल्लंघन केले आहे’ एवढाच संदेश. कोणता नियम, कोणते उल्लंघन, काही पत्ता नाही. हल्लेखोरांनी दिलेल्या जातिवाचक शिव्या गुरुजींनी अवतरणात लिहिल्या होत्या. त्या शिव्या गुरुजीच देत आहेत असे कंपनीच्या यंत्राला वाटले असावे, हा आमचा कयास. आम्ही अर्ज भरले, ओळखपत्र पाठवले. दोन वेळा यंत्राचे ठरावीक उत्तर आले, नंतर तेही येईनासे झाले.

“गुरुजी, वहीत उतरवून ठेवलं नव्हतं का?” आम्ही विचारले.

“अहो, एवढी मोठी कंपनी. तिथून कुठं जाणार, असं वाटलं,” गुरुजी म्हणाले.

ज्यांच्या तोंडून त्यांनी त्या रात्रीची हकीकत ऐकली होती, त्यांपैकी तिघे आता हयात नाहीत. त्या वस्तीचा इतिहास दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही. तालुक्याच्या कचेरीत पंचनाम्याचे कागद कदाचित असतील, पण पंचनाम्यात पिठाचा डबा नसतो.

या घटनेनंतर आम्ही विचार करू लागलो. आज आपला समाज पूर्वी कधी नव्हता एवढा लिहितो आहे. शेतमजुराचा मुलगा लिहितो, अंगणवाडीतील ताई लिहिते, दुबईत नोकरी करणारा आपला तरुण लिहितो. ही मोठी क्रांती आहे, यात शंका नाही. पण हे सारे लेखन ज्या जागेवर होते आहे, ती जागा कुणाची आहे?

भाड्याची जागा आणि मालकाची मर्जी

कुणी म्हणेल, एका गुरुजींचे खाते गेले म्हणून एवढा गहजब कशाला? पण ही एकट्या माणसाची गोष्ट नाही. इंटरनेटचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास अशा बंद दारांनी भरलेला आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेत ‘जिओसिटीज’ नावाची सेवा सुरू झाली. सामान्य माणसाला तेथे स्वतःची पाने फुकट मांडता येत. लाखो लोकांनी घरच्या गोष्टी, छंद, कविता, मेलेल्या माणसांच्या आठवणी तेथे लिहून ठेवल्या. १९९९ मध्ये याहू कंपनीने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली म्हणून थोडेफार उरले. २००४ मध्ये आलेले ‘ऑर्कुट’ भारतात घराघरात पोहोचले होते. आपल्या कितीतरी तरुणांनी पहिला ‘जयभीम’ इंटरनेटवर तेथेच लिहिला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. ‘गूगल प्लस’ एप्रिल २०१९ मध्ये गेले. ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर लोकांनी बारा वर्षांत चढवलेली गाणी यंत्रसामग्री बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले; मालकाने दिलगिरी व्यक्त केली आणि विषय संपला. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ‘टिकटॉक’वर बंदी घातली. चीनशी असलेल्या तणावाचे कारण काही असो, त्या दिवशी खेड्यापाड्यातील बहुजन मुलामुलींचे काम एका रात्रीत पडद्याआड गेले.

यात कुठे कंपनीला नफा दिसेना, कुठे यंत्र बिघडले, कुठे सरकारने हुकूम काढला. कारणे वेगळी, पण लिहिणाऱ्याला कुणीही विचारले नाही. भाडेकरूला घर रिकामे करायला निदान नोटीस तरी मिळते. येथे सामान आत राहते आणि कुलूप बाहेरून बदलते.

दुसरेही एक नुकसान आहे आणि ते आपले आपणच करून घेतले. २००० च्या सुमारास मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकित होत असे. संगणकाच्या आत तो मजकूर इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेला असायचा. तो विशिष्ट फॉन्ट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर अगम्य चिन्हांची रांग. आपल्या अनेक कार्यकर्त्यांची भाषणे, स्मरणिका, परिषदांचे अहवाल अशा फायलींमध्ये अडकून पडले आहेत. पुढे युनिकोड रूढ झाले. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून आज मोबाईलवर लिहिलेले मराठी नागपुरातही तेच दिसते आणि न्यूयॉर्कमध्येही. परंतु जुन्या फायली कुणी बदलून घेतल्या? ज्या दिवशी तो जुना संगणक भंगारात गेला, त्या दिवशी तो मजकूरही गेला.

बाबासाहेबांनी स्वतःचे पत्र का काढले?

आमच्या वाचकांना हा इतिहास पाठ आहे, तरी येथे त्याची आठवण करणे भाग आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्या काळी मराठीत वर्तमानपत्रे नव्हती काय? भरपूर होती. पण ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. दुसऱ्याच्या रकान्यात आपल्यासाठी जागा किती आणि कोणत्या अटींवर मिळणार, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. पैशाअभावी पत्रे बंद पडली तरी त्यांनी पुन्हा पुन्हा स्वतःचेच पत्र काढले. स्वतःचा छापखाना उभा केला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ही पाक्षिके होती. पंधरा दिवसांतून एकदा निघणारी. तरीही त्यातील मजकूर शंभर वर्षांनंतर वाचला जातो. आज सकाळी लिहिलेली आणि संध्याकाळी विस्मृतीत जाणारी किती वाक्ये शंभर वर्षे टिकतील?

दुसरी गोष्ट प्रतींची. हे अंक आज आपल्याला मिळतात, कारण कुणीतरी ते घरातल्या पेटीत जपून ठेवले होते. वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी ते शोधले आणि महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने छापले. अंकांच्या प्रती अनेक घरांत होत्या म्हणून अंक वाचले. नुसती मालकी पुरेशी नसते, हे तर आपण २०१६ मध्ये पाहिले. त्या वर्षी २५ जूनच्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडण्यात आली. स्वतःच्या भिंतीसुद्धा एका रात्रीत पडू शकतात. म्हणून जागा आपली असावी आणि प्रती अनेक ठिकाणी असाव्यात. हे दोन धडे कागदाच्या काळातले आहेत, पण इंटरनेटलाही तंतोतंत लागू पडतात.

बाबासाहेबांची आठवण आणि साधी पाने

व्यक्तिगत लेखन म्हणजे काय, ते कसे टिकते आणि कसे पोहोचते, याचे उत्तम उदाहरण खुद्द बाबासाहेबांचेच आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे आत्मकथन. लहानपणी वडिलांना भेटायला घरच्या इतर मुलांसह निघालेला भीमराव मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळल्यावर गाडीवाला मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. परदेशातून शिकून आलेल्या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळत नाही. चाळीसगावचा अपघात, दौलताबादच्या किल्ल्यातील हौदाचे पाणी. हे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले.

आज जगाच्या पाठीवरील कोणताही विद्यार्थी ते इंटरनेटवर वाचू शकतो. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील निवृत्त प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी ते आपल्या संकेतस्थळावर मांडले आहे. ती पाने आमच्या वाचकांनी एकदा उघडून पाहावीत. चकचकाट नाही, हलती चित्रे नाहीत, जाहिराती नाहीत, नाव नोंदवायला सांगणारी खिडकी नाही. मजकुराचे सहा भाग, प्रत्येकाला एक शीर्षक, एका भागातून दुसऱ्या भागात जायला साधा दुवा. जुन्या मोबाईलवर, रेंज अर्धवट असलेल्या खेड्यातही ते पान उघडते. या काळात किती समाजमाध्यमे आली आणि गेली, ही साधी पाने मात्र आपल्या जागी उभी आहेत. एका बाईंनी विचारपूर्वक, सावकाश केलेले हे काम आहे. यासाठी कोट्यवधींचे भांडवल लागले नाही.

आता रोहित वेमुलाचे पाहा. हैदराबाद विद्यापीठातील हा आपला बुद्धिमान तरुण १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याने फेसबुकवर बरीच वर्षे लिहिले होते. ते लेखन त्या प्रवाहात पुढेमागे वाहून जाऊ नये म्हणून २०१७ मध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक करण्यात आले. पुस्तक झाले म्हणून ते आज सलग वाचता येते. प्रत्येकाच्या मागे असे पुस्तक करणारे कुणी उभे राहीलच असे नाही.

साधेपणा म्हणजे काय?

येथे तरुण मंडळी विचारतील, ‘हे सारे ठीक, पण करायचे काय?’ आम्ही तंत्रज्ञ नाही. गुरुजींचे प्रकरण झाल्यावर जाणकारांकडून जे शिकलो, ते सांगतो.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत काम करताना वेबची कल्पना मांडली, ती १९८९ मध्ये. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगासमोर आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. म्हणजे वेबवर पान मांडण्याचा हक्क कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. सार्वजनिक पाणवठ्यासारखी ती सर्वांची गोष्ट आहे. चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्या पहिल्या पानाची प्रत आजही पाहता येते आणि आजच्या मोबाईलवर ती व्यवस्थित वाचता येते. कारण ते साध्या ‘एचटीएमएल’मध्ये आहे. एचटीएमएल म्हणजे मजकुरात घातलेल्या काही खुणा: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. पाच-सहा खुणा आल्या की पान तयार होते. ती फाईल कोणत्याही संगणकावरील साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते आणि उद्या कोणतीही कंपनी बुडाली तरी त्याच नोटपॅडमध्ये उघडता येते. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि पानाच्या सुरुवातीला ‘यूटीएफ-८’ अशी नोंद असावी, म्हणजे मराठीचा चुराडा होत नाही.

जागा किती लागते? मोबाईलवर काढलेल्या एका फोटोला दोन-तीन मेगाबाईट लागतात. आपण वाचत आहात त्या लेखाएवढा मराठी मजकूर साधारण पन्नास किलोबाईटमध्ये बसतो. एका फोटोच्या जागेत असे पन्नास लेख मावतात. एका माणसाच्या आयुष्यभराच्या आठवणी अंगठ्याएवढ्या पेनड्राईव्हमध्ये ठेवून वर भरपूर जागा उरते.

मग लागतो पत्ता, ज्याला ‘डोमेन’ म्हणतात. वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपयांत तो मिळतो. हा पत्ता म्हणजे दारावरची आपल्या नावाची पाटी. फायली ज्या संगणकावर ठेवायच्या तो भाड्याचाच असतो, काही ठिकाणी साध्या पानांसाठी फुकटही मिळतो. पण पाटी आपली आणि फायलींची प्रत आपल्या घरी असली की मालकाने कुरकुर केल्यास बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेता येते. वाचकाला पत्ता तोच राहतो. मात्र पाटीचे पैसे भरायला विसरलात तर ती दुसरा कुणी घेऊन जातो. म्हणून शक्य असेल तर एकदम पाच-दहा वर्षांचे भरावेत आणि तारीख संस्थेच्या वहीत नोंदवावी. तसेच एकदा पानाला दिलेला पत्ता पुन्हा बदलू नये. बर्नर्स-ली यांनी १९९८ पासून हे कळकळीने सांगितले आहे. पत्ता बदलला की कुणाच्या तरी लेखातला, कुणाच्या तरी प्रबंधातला दुवा तुटतो.

वाचकाला नवे पान आल्याचे कसे कळणार? त्यासाठी १९९९ पासून एक साधी सोय आहे, तिचे नाव ‘आरएसएस’. नाव ऐकून आमचे वाचक दचकतील! याचा नागपूरच्या रेशीमबागेशी काहीही संबंध नाही. ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ म्हणजे नव्या लेखांची यादी असलेली एक छोटी फाईल. वाचक आपल्या वाचनयंत्रात तिची नोंद करतो आणि नवा लेख आला की त्याला तो दिसतो. मध्ये कुणी दलाल नाही, तुम्ही काय वाचावे हे ठरवणारा कुणी नाही. २०१३ मध्ये गूगलने आपले ‘रीडर’ बंद केले तेव्हा ही सोय संपली असे अनेकांना वाटले, पण ती कुणा एकाच्या मालकीची नसल्याने आजही चालू आहे.

संथपणाचे सामर्थ्य

साधेपणाइतकाच महत्त्वाचा आहे तो संथपणा. समाजमाध्यमाची रचनाच अशी आहे की ते माणसाला थांबू देत नाही. किती जणांना आवडले, किती जणांनी पुढे पाठवले, हे आकडे डोळ्यांसमोर नाचतात. हळूहळू लिहिणारा त्या आकड्यांसाठी लिहू लागतो. ज्या ओळीने लोक चिडतात ती ओळ जास्त पसरते, म्हणून तो तशीच ओळ लिहितो. दुःख सांगायला बसलेला माणूस नकळत भांडायला लागतो.

आपल्या साहित्याची थोरवी कशात आहे? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० मध्ये. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ किराणा दुकानाच्या आणि संसाराच्या रगाड्यात, घरच्यांच्या नजरेआड लिहिले आणि वर्षानुवर्षे दडवून ठेवले. १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्या माउलीला रोज कुणी शाबासकी देत नव्हते. लिहावे, बाजूला ठेवावे, पुन्हा वाचावे, खोटे वाटेल ते खोडावे, राहून गेले असेल ते घालावे, असे ते लेखन मुरले. म्हणूनच त्यात एका बाईचे आयुष्य आहे आणि सगळ्या वस्तीचेही.

महिन्याला एक पान लिहिले तरी दहा वर्षांत एकशे वीस पाने होतात. तो एक ग्रंथ झाला. घाई कशाची आहे?

काही आक्षेप

पहिला आक्षेप आम्हाला ठाऊक आहे: आंदोलनाला वेग लागतो. तो खराच आहे. ॲट्रॉसिटी कायद्याबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला, त्याची हाक मोबाईलवरूनच गावोगाव गेली. अत्याचाराची बातमी मुख्य प्रवाहातील माध्यमे दडपतात तेव्हा आपला तरुण ती दहा मिनिटांत देशभर पोहोचवतो. ही ताकद टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. चौकात सभा जरूर घ्या, पण सभेचा अहवाल चौकात ठेवून घरी येऊ नका. मजकुराचे मूळ आपल्या पानावर, आणि त्याची दवंडी समाजमाध्यमावर, असा क्रम ठेवा.

दुसरा आक्षेप: वाचणार कोण? सुरुवातीला फार कुणी वाचणार नाही, हे मान्य करूनच लिहायला बसावे. पण उद्या एखादी विद्यार्थिनी नामांतर लढ्यावर संशोधन करू लागेल तेव्हा तिला वस्तीतल्या माणसाने लिहिलेले ते एक पान हजार लोकांच्या पसंतीपेक्षा मोलाचे ठरेल.

तिसरा आक्षेप तरुणांचा नाही, गावात राहणाऱ्यांचा आहे: नाव घालून लिहिले तर गावात राहायचे कसे? हा प्रश्न गंभीर आहे. स्वतःचे पान म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. उलट पाटीवर नाव असते. म्हणून जिवंत माणसांची नावे घालताना विचार करावा, गरज वाटल्यास टोपणनावाने लिहावे, नाव-पत्ता उघड होणार नाही अशी डोमेनची सोय निवडावी. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे तर कधीही विसरू नये. काही पाने लिहून वीस वर्षे पेटीत ठेवावी लागली तरी चालेल. लिहिलेले असले म्हणजे पुढची पिढी ते उघडील.

आणि चौथा, सर्वांत खरा आक्षेप: आमच्याकडे संगणकच नाही, आहे तो एक मोबाईल, तोही घरात चौघांत. हे काम एकट्याने करायचे असे कुणी सांगितले? बाबासाहेबांनी पत्र काढले तेव्हा वर्गणी गोळा करणारे, अंक वाटणारे, निरक्षरांना वाचून दाखवणारे हजारो हात त्यामागे होते.

विहारात एक टेबल

म्हणून आम्ही एक छोटी सूचना करतो. ज्या बुद्धविहारात, वाचनालयात किंवा वसतिगृहात एक संगणक आहे, तेथे महिन्यातून एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा. एक ज्येष्ठ आणि एक विद्यार्थी अशी जोडी बसवावी. ज्येष्ठाने सांगावे, विद्यार्थ्याने लिहून घ्यावे, मोठ्याने वाचून दाखवावे, ज्येष्ठाने दुरुस्त करावे. मग साध्या पानावर ते मांडावे. एक डोमेन साऱ्या वस्तीसाठी पुरते. जयंतीच्या वर्गणीतून हजार-बाराशे रुपये निघू शकतात. डीजेच्या एका तासाचे भाडे यापेक्षा जास्त असते!

आणि प्रत्येक पानाच्या तीन प्रती कराव्यात: एक पेनड्राईव्हवर विहारात, एक दुसऱ्या गावातील कार्यकर्त्याकडे, एक छापून वाचनालयाच्या कपाटात. १९९६ पासून काम करणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या अमेरिकेतील संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या पानाचा पत्ता दिला तर ते तेथेही जतन करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. पण त्यावर विसंबून आपली प्रत विसरू नये. गुरुजींची चूक आपण पुन्हा करायची नाही.

गुरुजींनी आता पुन्हा लिहायला घेतले आहे. या वेळी आधी दोनशे पानी वहीत. त्यांची नात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती रविवारी येऊन ते संगणकावर उतरवते. पहिले पान तयार झाले तेव्हा पांढऱ्या पडद्यावर नुसती काळी अक्षरे पाहून ती म्हणाली, “आजोबा, एवढंच? फुलं नाहीत, फोटो नाही?”

गुरुजी म्हणाले, “घर आपलं आहे ना? मग पुरे.”

गेलेले सारे परत आलेले नाही. जे तिघे निघून गेले त्यांचे शब्द गुरुजींना अर्धेमुर्धेच आठवतात. आठवत नाही तेथे ते वहीत जागा मोकळी सोडतात आणि ‘येथे अमक्याचे सांगणे होते’ एवढे लिहितात. नात ती मोकळी जागाही पानावर तशीच ठेवते.

बांधवांनो, आपल्या वस्तीत आज ऐंशी वर्षांचे कोण आहे? धम्मदीक्षेला आईचे बोट धरून गेलेले, नामांतराच्या लाँग मार्चमध्ये चाललेले, पहिल्यांदा विहिरीवर पोहरा टाकलेले. त्यांच्याकडे या रविवारी जा. सोबत वही न्या.

जयभीम!